गव्हाचा मान

ज्या मुलखात आम्ही जन्मलो, तेथे घरच्या माणसास भाकरी आणि पाहुण्यास पोळी असा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमाभागात, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतून, मराठी आणि कानडी बोलणारी घरे एकाच गल्लीत नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा जुना बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा एकीकडे गेले, भालकी, औराद दुसरीकडे राहिले. चुलीवरची भाकरी मात्र कोणी वाटून घेतली नाही. तिकडची भाकरी आणि इकडची ‘जोळद रोट्टी’ यांत नावापुरताच भेद. आणि गव्हाचा मानही दोन्हीकडे सारखाच. जावई आला की पोळी, सण आला की पुरणाची पोळी, लग्नकार्यात गव्हाची हुग्गी. ज्वारी पोट भरते आणि गहू प्रतिष्ठा राखतो, अशी ही वाटणी आहे. अशा प्रांतात एखाद्यास गहू वर्ज्य व्हावा, यात अन्नाची अडचण थोडी आणि माणसांची अडचण फार, हे आम्हांस गेल्या काही वर्षांत चांगलेच कळून आले आहे.

आमच्या व्याधीस वैद्यकात सीलिअ‍ॅक रोग म्हणतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की रोग्याच्या शरीरातील संरक्षक शक्ती बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखी बारीक लव असते; अन्नरस शोषून घेणे हे तिचे काम. ती लव झडून अस्तर सपाट झाले की माणूस भरल्या ताटावर बसून उपाशी राहतो. रक्त आटते, हाडे ठिसूळ होतात, वजन उतरते. या रोगास ग्लूटेन आजन्म वर्ज्य करण्यावाचून दुसरा उपचार आजही नाही.

ग्लूटेन म्हणजे काय, हे समजून घेण्यास प्रयोगशाळेत जावयास नको. सुगरण कणीक तिंबते, ती ताणली जाते. तिच्यात पुरण भरून पोळी कागदासारखी पातळ लाटली तरी फाटत नाही. ही जी ओढ, तेच ग्लूटेन. ज्वारीच्या पिठात ते नाही. म्हणून तर ते कढत पाण्यात भिजवावे लागते, तळहाताने मळून मळून वळवावे लागते, आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. पुरणपोळीचा जो गुण सारा महाराष्ट्र वाखाणतो, तोच आमच्या आतड्यास विष झाला आहे.

लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या रोगाचे वर्णन केले. तो बरा व्हायचा तर आहारानेच होईल, असेही त्यांनी सांगून ठेवले. पण कोणत्या आहाराने, याचा उलगडा व्हावयास पुढे साठ वर्षे लागली. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडने हास यांनी मुलांना केळी खाऊ घालून बरे केले आणि श्रेय केळ्यास गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडात भीषण दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. सारा देश उपासमारीने खंगत असता या रोगाची मुले मात्र सुधारत होती, आणि पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी हा विषय १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. दुष्काळाने कोणाचे भले झाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

आमचे निदान होण्यास मात्र फार वर्षे गेली, आणि त्यासही कारण आहे. हा रोग उत्तरेकडचा, असा समज आमच्या भागात आहे. तो अगदीच निराधार नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तरेत शंभरामागे एकाहून किंचित अधिक, तर दक्षिणेत हजारामागे सुमारे एक, असे प्रमाण आढळले होते. हजारांतला तो एक आपल्यासमोर बसला आहे, हे कोणा वैद्यास सुचावे? एका डॉक्टरांनी आमची ज्वारी बंद केली. ‘जड अन्न आहे, हलके खा,’ असे सांगून त्यांनी रव्याची खीर, पाव आणि चहाबरोबर बिस्किटे लिहून दिली. ते पथ्य घरच्यांनी इतक्या निष्ठेने पाळले की वर्षभरात आमचे सदरे आम्हांस झोळीसारखे होऊ लागले. पुढे एका तरुण डॉक्टरीण बाईंनी रक्तातील प्रतिपिंडे तपासली, दुर्बिणीने आतड्याचा कण काढून पाहिला, आणि आमची भाकरी आम्हांस परत दिली.

भाकरी मिळाली, म्हणजे सारे मिळाले असे वाटेल. येथील रब्बीची ज्वारी, कलबुर्गीची तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. यांत गव्हाचा लवलेश नाही. पण गहू दिसतो तेथेच असतो असे नाही. बाजारच्या डबीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, आणि त्याच हिंगाची फोडणी त्या निर्मळ डाळीवर पडते. धपाट्यात ज्वारीबरोबर कणीक असते, भाजणीत गहू असतो, कुरडई तर गव्हाचीच. खानावळीत भाकरी मागावी, तर ती पोळीच्याच तव्यावर शेकून येते. आणि गिरणी! आमच्या गावचा गिरणीवाला सज्जन आहे. तो ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू असेच दळतो. तरी सकाळचा गहू दुपारच्या ज्वारीत थोडा उतरतोच. बंद पाकिटावर ‘ग्लूटेनविरहित’ असे छापायचे तर किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन त्यात असू नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. हा नियम गिरणीच्या जात्यास कोण सांगणार?

आमच्या गोमंतकीय वाचकांस हे सारे घाटावरचे गाऱ्हाणे वाटेल. त्यांची पेज, त्यांच्या सान्ना, त्यांचे पोळे, सारे तांदळाचे. तथापि सकाळी दारात पोदेराचा भोंगा वाजला आणि ऊन पावाचा वास आला की तेथल्या रोग्याचीही आमच्यासारखीच परीक्षा होत असेल.

खरी परीक्षा बाहेर आहे. बीदरला नानक झिऱ्याच्या गुरुद्वारात ओंजळीत मिळणारा कडाह प्रसाद कणकेचा. रमजानात शेजारच्या घरून प्रेमाने येणाऱ्या हलीमात गहू. देवस्थानच्या पंगतीत गव्हाची हुग्गी. हात जोडून ‘नको’ म्हणावे, तर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहवत नाही. मधुमेह सांगितला की लोक समजून घेतात. गहू सोसत नाही म्हटले की त्यांस ती नवी श्रीमंती वाटते, नाहीतर बहाणा. ‘एका घासाने काय होते?’ हा प्रश्न आम्ही मराठी, कानडी आणि दख्खनी या तिन्ही भाषांत ऐकला आहे.

आमची आक्का आळंदला असते. वयाची सत्तरी केव्हाच उलटली आहे. भाऊबीजेस तिच्या हातची पुरणपोळी आम्ही बालपणापासून खात आलो. निदानानंतरच्या पहिल्या भाऊबीजेस ताट समोर आले आणि आम्ही भाकरी मागितली. ती म्हणाली, “माझं अन्न तुला बाधतं होय रे?” डॉक्टरांचा कागद तिला दाखवून काय उपयोग! आपल्या घरात कष्टाच्या दिवसांत नसलेली पोळी पुढे हाती चार पैसे आल्यावर भावाला वाढता येऊ लागली, हा तिच्या संसाराचा केवढा विजय होता. तो आम्ही ताटात तसाच ठेवून उठलो. पुढे कित्येक महिने ती आमच्याशी तुटक बोले.

तिला हे पटले ते आमच्या व्याख्यानाने नव्हे. एकदा आमची भाची तिला गिरणीतली अडचण सांगत होती, की वेगळे पीठ, वेगळी परात, वेगळा तवा, शिवाशिव झाली की चालत नाही. आक्का मध्येच म्हणाली, “म्हणजे त्याचं सोवळं आहे म्हणा की!” आम्ही स्वतः सोवळ्याचे पुरस्कर्ते नव्हे, त्या कल्पनेने माणसांना फार दुखविले आहे. पण जन्मभर ते पाळलेल्या त्या बाईस आमच्या व्याधीची सारी शिस्त त्या एका शब्दात उमगली, हे आम्ही नाकारू शकत नाही. परसात पालथे पडलेले जुने जाते तिने धुऊन काढले, पाथरवटाकडून त्यास टाकी लावून घेतली, आणि सुरुवातीची दोन-तीन पायल्या ज्वारी नुसती दगड स्वच्छ करण्यासाठी दळून गुरांस घातली. आता त्या जात्याजवळ गव्हाचा दाणा फिरकत नाही.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही तिच्याच शेतावर जातो. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते. मग ज्वारी-बाजरीचे उंडे, हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, मडक्यातली थंड आंबील. गतवर्षी प्रथमच गव्हाची खीर खोपीपासून वीस पावलांवर, बांधाच्या पलीकडे ठेवली होती, आणि तिच्यावर पहारा करण्यास एक नातू बसवला होता. त्याने ती पुष्कळशी संपविली.

हल्ली दर पंधरवड्यास आक्काचा फोन येतो. प्रकृती कशी आहे, हे ती विचारीत नाही. “दळण किती उरलं?” एवढेच विचारते, आणि एस. टी.ने येणाऱ्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर पिशवी पाठवून देते. पिशवीचे तोंड तिने सुतळीने शिवलेले असते.