कमी उसाभरीचा विस्तव

भुशाची शेगडी भरणे ही एक तपश्चर्याच होती. मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा नि श्वास रोखून बाटली अलगद वर काढायची. भोक ढासळले की स्वयंपाकघरात धूरच धूर! त्यामुळे व्हर्मॉन्टच्या मावशीने फोनवर, "अरे, मला कमी उसाभरीची शेगडी घ्यायची आहे, भुशावर चालणारी," असे सांगितले, तेव्हा मला हसूच आले.

पण गोष्ट हसण्याची नव्हती. अमेरिकेच्या त्या कोपऱ्यात जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरतो. लाकडे फोडून शेगडी धगधगती ठेवण्याचे काम आजवर काकांचे. गेल्या वर्षी ते गेले. मावशी सत्तरीची. मुलगा म्हणतो, घर विकून माझ्याकडे ये. तिला घर सोडायचे नाही. म्हणजे शेगडीवरच सारे येऊन ठेपले!

ही शेगडी तिकडे 1980 नंतरच्या दशकात घरोघरी येऊ लागली. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून त्याच्या 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या करतात. त्यांना पेलेट म्हणतात. त्यांत डिंक लागत नाही. लाकडातलेच लिग्निन उष्णतेने मऊ होऊन त्यांना धरून ठेवते. कांड्या टाकीत ओतायच्या नि बटण दाबायचे. मग मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या विस्तवात ढकलतो आणि पंखा वारा घालतो. कुऱ्हाड नको की फुंकणी नको.

इतके ऐकल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मी विचारले, "पोते केवढ्याचे?" 18 किलोंचे, कडाक्याच्या थंडीत साधारण एक दिवस पुरते. ते उचलणार कोण? राख काढणार कोण? हिमवादळात तारा तुटल्या, तर दांडा नि पंखा दोन्ही थांबणार. जुन्या शेगडीला विजेचे काही देणेघेणे नव्हते!

मावशी प्रत्येक प्रश्न घेऊन दुकानात गेली. शेगडी किती ऊब देते, एवढेच सांगणाऱ्या दुकानदाराला तिने राख कुठे पडते ते उघडून दाखवायला लावले. अखेर तिने मोठ्या राखपेटीची शेगडी घेतली. टाकीचे तोंड कमरेइतके खाली, म्हणजे पोते न उचलता डब्याडब्याने ओतता येते. शेजारच्या गावात दुरुस्ती करणारा आहे; वर्षाकाठी धुराडेही तोच झाडतो. वीज गेली, तर काही तास शेगडी चालवील अशी बॅटरीही तिने घेतली.

एवढे करूनही जळत्या वाटीतली राख सकाळी खरवडावी लागतेच. ते कामही आपोआप करणारी शेगडी दुकानात होती. "मग ती का नाही घेतलीस?" मी विचारले.

मावशी म्हणाली, "अरे, एकट्या माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण नको का?"