पवनीवाली

नवतपा सरत आला होता. खिडकीतल्या कूलरचे वाळ्याचे ताटे नुकतेच भिजले होते, आणि तो ओला, मातीच्या पोटातून यावा तसा गंध खोलीभर हिंडून पलंगावर पसरलेल्या कागदांवर येऊन थबकत होता. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचे उतारे, 1954-55 च्या अधिकार अभिलेखाची नक्कल, तहसीलीतून मिळालेली कोतवाल पंजीची पानं. माझ्या भाचीची जात पडताळणी व्हायची होती. भावाच्या हातात पेन होतं, समोर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा होता, आणि घरातलं प्रत्येक माणूस अचानक आपल्या पणजोबांविषयी बोलू लागलं होतं.

आपल्याकडे पूर्वजांचा शोध हौसेनं कमी आणि गरजेनं जास्त घेतला जातो. कुणाला 1950 च्या आधीचा कागद लागतो, कुणाला 1961 च्या आधीचा, आम्हाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. मग ज्या घरात आजोबांचा फोटो माळ्यावर उलटा पडलेला असतो, त्या घरातली तरुण पोरं चुलतचुलत काकांचे फोन नंबर शोधतात, कधी न पाहिलेल्या गावी जातात, उन्हात तहसीलीच्या ओट्यावर बसून राहतात, आणि एखाद्या दुपारी पिवळ्या, कडा झडलेल्या पानावर स्वतःचं आडनाव त्यांना सापडतं. त्या क्षणी मी भाचीचा चेहरा पाहिला आहे. कागद नियमासाठी हवा होता. पण ती बराच वेळ त्या अक्षरांवर बोट ठेवून होती.

कोतवालाच्या त्या नोंदी किती थोडक्या असतात! तारीख, बापाचं नाव, जात, गाव, आणि अमक्यास मुलगा झाला किंवा मुलगी झाली. बाळाला तोवर नावच नसतं, मग लिहिणार काय? आमच्या आबाजींचा, म्हणजे आजोबांचा, जन्म असाच आहे त्या पानावर. नाव नसलेला एक मुलगा, ज्याच्या बापाचं नाव मात्र ठसठशीत. आणि त्याच्या वर, दोनेक वर्षं आधीची, आणखी एक ओळ. त्याच बापास मुलगी. पुढे मरणाच्या पानांत तीच मुलगी पुन्हा एकदा, पुन्हा नावाशिवाय.

आबाजींना मोठी बहीण होती हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कुणालाच म्हणजे आत्या सोडून.

आत्या आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. नागपूरच्या महालातल्या तिच्या सासरच्या घरात, अरुंद बोळाकडे उघडणाऱ्या खिडकीशी ती बसलेली असते, आणि दुपारी चारच्या सुमाराला समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड तिच्या पांढऱ्या केसांत काही काळ मुक्कामाला येतो. मी तिला पान दाखवलं, वाचून दाखवलं. ती मुळीच दचकली नाही. म्हणाली, "होती न एक. बुढीनं सांगतलं होतं मले. भुलाबाईच्या दिवसांत एक खिरापत बाजूले काढून ठेवे थे. पोट्ट्या इचारत, हे कोनाची? तर म्हने, एक याची आहे अजून."

भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंतची ती विदर्भातली संध्याकाळ. अंगणात भुलाबाई मांडलेली, ज्वारीच्या धांड्यांचा मखर, पोरींची गाणी एकामागून एक सासर-माहेराच्या वाटेवर चाललेली, ओल्या शेणाचा वास आणि डबा हलवून खिरापत ओळखायचा गलका, आणि त्या गलक्यात एक म्हातारी बाई, जिच्या पदराआड एक वाटी झाकलेली आहे, जी वाटी वर्षानुवर्षं भरली जाते आणि जिच्याविषयी ती कुणाला काही सांगत नाही. सरकारी पानावर दोन ओळी. इथे एक वाटी.

ती म्हातारी म्हणजे माझी पणजी. तिला सगळे 'पवनीवाली' म्हणत. आमच्या मुलखात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानं ओळखतात. काटोलवाली, मांढळवाली, भिवापूरवाली. सासरची माणसं तिचं लग्नातलं नावही क्वचितच उच्चारत. पण वैनगंगेकाठचं तिचं गाव रोज शंभरदा त्यांच्या तोंडी येई. ज्या गावातून ती तुटून आली, तेच गाव तिला हाक बनून मरेपर्यंत चिकटून राहिलं. यात क्रूरपणा होता की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

पणजोबा उमरेडच्या पलीकडून नागपुरात आले ते 1899-1900 च्या दुष्काळात, मिसरूड फुटायच्या वयात. एम्प्रेस मिल तेव्हा विशीत होती. 1877 च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ती जुम्मा तलावाजवळ सुरू केली होती. शेतावरचं माणूस पाखरांच्या आवाजानं उठणारं. ते भोंग्यानं उठू लागलं. पणजी मात्र कितीतरी वर्षं गावीच राहिली, दोन एकरांची राखण करत. त्या वर्षांतली एकही गोष्ट पणजोबांच्या बाजूनं आमच्यापर्यंत आलेली नाही. पगार किती, खोली कुठे, सोबत कोण, काही नाही. तिच्या बाजूनं मात्र सगळं आलं आहे: कोणत्या शेतात नीलगायी शिरत, कोणत्या वर्षी तूर करपली, छोट्या लाइनच्या गाडीनं माहेरी जाताना पवनी रोड स्टेशनात उतरलं की बैलगाडीत बसल्यावर कोणत्या वळणाला नदीचा पहिला वारा अंगाला लागे. मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. छोटी लाइन 2019 मध्ये थांबली, रुंद व्हायला. तो वारा मात्र अजून आत्याच्या बोलण्यात लागतो.

आणि मला हळूहळू उमजत गेलं की हे सगळं माझ्यापर्यंत सरळ रेषेत आलेलंच नाही.

भावानं काढलेल्या वंशावळीत रेषा वरून खाली येतात, बापापासून मुलापर्यंत, त्याच्यापासून त्याच्या मुलापर्यंत. जमीन तशीच आली, आडनाव तसंच आलं. गोष्टी तशा आल्या नाहीत. पणजीनं त्या आपल्या धाकट्या लेकीला, आबाजींच्या बहिणीला सांगितल्या. ती लग्न होऊन उमरेडात गेली, आडनाव टाकून गेली, आणि दिवाळीला, पोळ्याला माहेरी आली की भावाच्या पोरीला, म्हणजे माझ्या आत्याला, जवळ घेऊन त्या सांगत बसली. आत्या लग्न होऊन महालात गेली, आडनाव टाकून, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर अंथरुणं घालून, पाणी मारलेल्या फरशीची वाफ विरत असताना, तिनं त्या मला सांगितल्या. आता मी माझ्या भाचीला सांगते आहे. प्रत्येक पिढीत एक तिरकी रेघ; आत्याकडून भाचीकडे. घरात राहिलेल्यांना घर दिसत होतं, म्हणून ते आठवावं लागलं नाही. सोडून गेलेल्यांना आठवावं लागलं.

प्रतिज्ञापत्रात ती तिरकी रेघ काढायला जागा नाही.

दुसऱ्याच्या पूर्वजांची राखण करणारी माणसं या भूमीत पूर्वापार आहेत. हे नागपूरच मुळात देवगडच्या गोंड राजाचं, बख्त बुलंदाचं. आणि गोंडांच्या कुळांच्या कथा राखल्या त्या परधानांनी. आपल्या यजमानाच्या घरी येऊन, बाना वाद्यावर गज ओढत, परधान त्या घराण्याला त्याचंच मूळ गाऊन दाखवी, आणि ऐकणाऱ्यानं त्याला धान्य द्यायचं, कापड द्यायचं. तिकडे कोल्हापूर-बेळगावच्या मुलखात हेळवी दारोदार येऊन घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचतात. मला या माणसांविषयी फार आतून आदर वाटतो. स्वतःच्या पोटासाठी का होईना, त्यांनी परक्यांचे मेलेले आपले मानले.

बाबांच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो होतो. रामकुंडाशी सकाळची थंडी होती, गोदावरीचं पाणी काळपट हिरवं, आणि तीर्थोपाध्यायांनी पहिला प्रश्न विचारला तो आडनावाचा, दुसरा मूळ गावाचा. मग त्यांनी लाल कापडाचं बासन सोडलं. नामावळीचं ते लांबट, जाड पान उलटलं, बोट खाली सरकत गेलं, आणि थांबलं. मोडीतली ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. पणजोबा आले होते इथे, आपल्या बापाच्या अस्थी घेऊन. त्यांचं नाव, भावांची नावं, मुलाचं नाव, आणि शेवटी, सौभाग्यवतीचं. म्हणजे तिचं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्या बाईला आयुष्यभर कुणी त्या नावानं हाक मारली नाही, तिचं नाव असं अवचित चारचौघांत उच्चारणं मला बरं वाटत नाही. पण त्या सकाळी मी ते ओठांतल्या ओठांत कितीदा म्हटलं असेन! परतल्यावर धावत आत्याकडे गेले आणि तिला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली, मग मान हलवली. "हे तं सासरचं नाव बाई. लगनात ठेवलेलं. माहेरचं अलग होतं." कोणतं? तिला आठवेना. बुढीनं एकदा सांगितलं होतं, हसत हसत, आणि ते गेलं.

वंशावळीतली पोकळी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कागद मिळाला, अक्षरं मिळाली, नावही मिळालं, आणि तरी बाई एक दार ओलांडून पलीकडेच उभी.

मग मी पवनीविषयी वाचायला लागले. पणजीच्या पाऊलखुणा नसल्या तर नसोत, तिच्या गावची माती तरी कळेल. आणि तिथे मला जे भेटलं त्यानं मी कितीतरी दिवस भारून गेले. 1969-70 मध्ये शांताराम भालचंद्र देव आणि जगतपती जोशी यांनी नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याच्या वतीनं पवनीत उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एक मोठा बौद्ध स्तूप वर आला. त्याच्या कठड्याचे शिल्पखांब, आणि त्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेली दानकर्त्यांची नावं. साधी माणसं, ज्यांनी एक खांब दिला, एक शिळा दिली आणि आपलं नाव त्यावर ठेवलं. त्यांत बायका आहेत. स्वतःच्या नावानं दान देणाऱ्या बायका, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आजही वाचता येणाऱ्या.

मी ते पुस्तक उघडं ठेवून बसून राहिले. माझ्या पणजीच्या गावात दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव शाबूत आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मुलीचं नाही. ती टेकडी तेव्हा झाडाझुडपांखाली झाकलेली असणार. पणजी लहानपणी तिच्यावर शेळ्यांमागे धावली असेल, बोरं वेचली असतील, तिच्या अनवाणी पायांखाली, दोन-चार हात खोल, तिच्यासारख्याच कुणाकुणाची नावं निजलेली असतील. तिला ते कधीच कळलं नाही. आणि तरी कुठेतरी, त्या उतारावर, त्या बायका आणि ती एका जागी होत्या.

पितृपंधरवड्यात आमच्याकडे ताट वाढतात ते बापाच्या, आजाच्या, पणज्याच्या नावानं. अक्षय तृतीयेला घागर भरतात तीही पितरांची. यंदा मी एक घागर पणजीची म्हणून भरली. कोऱ्या मडक्याचा वास, त्यावर डांगर, आत गार पाणी. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी 'पवनीवाली' म्हटलं. भाचीनं लगेच दुसरी, लहानशी घागर पुढे सरकवली. "आणि ती, नाव नसलेली?" तिनं विचारलं. कुणी शिकवलं नव्हतं तिला. आम्ही तीही भरली.

भाचीची पडताळणी झाली, प्रमाणपत्र आलं, प्रवेश झाला. वंशावळीचं काम संपलं असं घरातल्यांनी धरलं. पण ती पोरगी आता थांबत नाही. दर रविवारी महालात जाते, आत्यासमोर फोन ठेवून बसते, आणि आत्या बोलत राहते. आवाजात खिडकीबाहेरच्या सायकलची घंटी येते, कपबशी येते, मधला खोकला येतो. आत्या कालचीच गोष्ट आज वेगळी सांगते, तुरीचं वर्ष बदलतं, नीलगायींची संख्या वाढते, आणि भाची काहीही दुरुस्त करत नाही. दोन्ही ठेवते. मला वाटतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मी कागदाकडे धावत होते. ती श्वासाकडे लक्ष देते. तिच्या वहीत तिनं एक झाड काढलं आहे. त्यात आडनावं नाहीतच, फक्त गावं आहेत. पवनी, उमरेड, महाल, आणि माझी धंतोली.

आता दिवाळीनंतर आम्ही पवनीला जाणार आहोत. पणजीचं माहेर अजून तिथे नांदतं की नाही, ठाऊक नाही. तालुक्यात गोसीखुर्दचं धरण झालं, त्याच्या पाण्याखाली कितीतरी गावं गेली, माणसं नव्या वसाहतींत पांगली, कुणाचे भाऊबंद कुठे, आता शोधावंच लागतं. आणि आमच्याजवळ तिचं माहेरचं आडनावही नाही. त्यावर भाची नाराज होती. आडनावाशिवाय विचारायचं तरी काय, म्हणाली. आत्यानं तिला जवळ ओढलं, तिच्या मनगटावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "आडनाव काहाले पाह्यजे? वैजेश्वराच्या घाटावर जा. तिथं बुढ्या बसल्या राह्यतीन. इचार, तुमच्या घरची पोरगी उमरेडकडे देल्ली होती काय, जिची पहिली लेक गेली. माणसं नाई सांगनार. बुढ्या सांगतीन."