कंपनाचा आकडा आधी

लाकूड घासायचा सँडर घ्यायचा तर आधी वॉट पाहावेत, मग वजन, मग त्याचे कार्बन ब्रश आणि बेअरिंग सहज मिळतात का ते विचारावं, असं मी ठामपणे सांगत असे. कंपनाचा आकडा माझ्या यादीत शेवटी असायचा, बरेचदा नसायचाच. आज तो मी सगळ्यांच्या आधी धरते. मत का बदललं ते मोकळेपणाने सांगावंसं वाटतं. माझ्याकडे सल्ला विचारायला येणारी माणसंही माझ्यासारखीच, बेताच्या पैशात काम भागवणारी असतात.

जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोड आणि रिलीफ रोडच्या आसपास ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे. नव्या सोफ्यांच्या रांगा आणि मोडीत निघालेल्या घरांमधून आलेलं जुनं सागवान तिथे शेजारी शेजारी असतं. आमचं काम या जुन्या लाकडाचं. एखाद्या कपाटाच्या दारावर पॉलिशचे थर, मध्येच कोणीतरी मारलेला ऑइल पेंट, त्याखाली चिकट काळपटपणा. ८० नंबरचा पेपर लावून सुरुवात करायची, मग १२०, १८०, २२० असं चढत जायचं, तेव्हा कुठे सागाच्या रेषा वर येतात. सगळ्यात जास्त वेळ या घासाईतच जातो. हाताने पेपर मारून एवढं काम उरकत नाही आणि ग्राइंडरला पेपर लावला तर लाकडाला खड्डे पडतात. म्हणून रँडम ऑर्बिटल सँडर. याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी बारीकशा कक्षेत झुलतोही. त्यामुळे एकच चरा परत परत त्याच जागी पडत नाही आणि लाकडावर गोल रेघा उमटत नाहीत.

माझ्या जुन्या मताला कारणं होती. साधा सँडर दोन-तीन हजारांत मिळतो, नावाजलेल्या कंपनीचा सात-आठ हजारांच्या घरात जातो आणि जर्मनीच्या फेस्टूल किंवा फिनलंडच्या मिर्कासारखी यंत्रं त्याच्या कितीतरी पट महाग. कमी कंपन ही त्या वरच्या पायरीवरची चैन आहे, असं मला वाटायचं. शिवाय हाताला त्रास होतो अशी तक्रार कारागिरांपैकी कोणी केली नव्हती.

आमच्याकडे पॉलिशचं काम करणारे काका मूळचे सिंधुदुर्गातले, उभी हयात लाकडात गेलेली. एकदा ते बिजागरीचे पितळी स्क्रू बसवत होते. स्क्रू चिमटीत धरायचा आणि आहे ना, हे डोळ्यांनी खाली बघून ठरवायचं, असं त्यांचं चाललं होतं. चिमटीत काही आहे की नाही, हे बोटांना कळत नव्हतं. मी विचारलं, तेव्हा सहज म्हणाले, "ताई, मशीन बंद केलं तरी बोटांत ते चालूच राहतं. रात्री मुंग्या येतात. शर्टाची बटणं हल्ली बायकोच लावते." मग ते डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो हातात कोणतं यंत्र असतं, हाच.

मग मी वाचायला लागले. १९१८ साली अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड भागात दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात तपासले होते. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी फटक पडत, बधिर होत. मुंबईत तशी थंडी नाही, म्हणून पांढरी बोटं इथे सहसा दिसत नाहीत. बधिरपणाला मात्र थंडी लागत नाही. नसांना होणारी इजा उकाड्यातही होते आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोणी बोलत नाही.

माझं मत खरं बदललं ते एका हिशेबाने. कंपन मोजतात मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाची सरासरी २.५ च्या वर गेली की मालकाने उपाय करायचे आणि ५ च्या वर ती जाऊच द्यायची नाही. ही सरासरी काढताना कंपनाचा वर्ग होतो. म्हणून १० आकड्याचं यंत्र अर्ध्या तासात २.५ ची पातळी गाठतं, ५ चं यंत्र दोन तासांत आणि ३.५ चं साधारण चार तासांत. कंपन निम्मं झालं की तेवढ्याच धोक्यात चौपट वेळ काम करता येतं. वॉट वाढवून असा फायदा मिळत नाही. ही चैन नव्हे, दिवसभराच्या कामाचं गणित आहे.

हे कळल्यावर काकांनी आणि मी जुन्या सँडरचा पॅड खोलला. आत शाफ्टवर एका बाजूला लोखंडाचा जाड तुकडा असतो. पॅड एका बाजूला झुलतो, हे वजन उलट बाजूला झुलून त्याला तोलतं. तो तोल कंपनीने ठरावीक वजनाच्या पॅडसाठी साधलेला असतो. आमच्या सँडरवर बाजारातला जाड, जड पॅड चढवलेला होता आणि बेअरिंगही ढिलं झालं होतं. काकांच्या हाताला जे बसत होतं, त्यातलं बरंचसं इथून येत होतं.

म्हणून आता बेताच्या बजेटवाल्यांना मी असं सांगते. बॉशचा जीईएक्स १२५-१ एई किंवा मकिताचा बीओ ५०३१ अशा १२५ मिलिमीटर पॅडच्या, वेग कमी-जास्त करता येणाऱ्या यंत्रांपासून शोध सुरू करा. बॉशचं ते यंत्र २५० वॉटचं आहे आणि तेवढी ताकद पुरते, कारण हा सँडर दाबून चालवायचाच नसतो. दाबला की पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो आणि लाकडावर रेघा काढतो. माहितीपुस्तिकेत कंपनाचा आकडा असतो, त्याच्या पुढे अनिश्चितता म्हणून बहुधा १.५ दिलेली असते. तुलना करताना दोन्ही वाचा आणि प्रत्यक्ष कामात आकडा त्याहून जास्त असू शकतो, हेही धरून चला. पॅड मूळ कंपनीचाच घ्या. पेपर बोथट झाला की बदला, कारण बोथट पेपर वेळ वाढवतो आणि वेळ वाढला की हाताला बसणारी कंपनाची मात्राही वाढते. व्हॅक्यूम जोडा. त्याने पेपर लवकर भरत नाही आणि छातीही वाचते. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे.

या सगळ्यामागे एक गोष्ट आहे, ती मला आता सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या बाजारात सँडर विकत घेणारा एक असतो आणि दिवसभर हातात धरणारा दुसरा. विकत घेणाऱ्याला किंमत दिसते, वॉट दिसतात. कंपन फक्त धरणाऱ्याला कळतं आणि निवडताना त्याला कोणी विचारत नाही. मी घेणाऱ्यांच्या बाजूची आहे, म्हणून ही जबाबदारी माझी आहे.

जोगेश्वरीहून हार्बर लोकल थेट मशीदला जाते आणि स्टेशनाबाहेर पडलं की नागदेवी स्ट्रीटची हत्यारांची दुकानं जवळच आहेत. तिथे जाताना कारागिराला बरोबर न्या. दुकानदाराला प्लग लावायला सांगा, यंत्र कारागिराच्या हातात द्या आणि त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.