म्हाताऱ्या वेली

तांबडा रस्सा वाटीने नव्हे, भांड्याने पिणाऱ्या आमच्या कोल्हापुरात तांबड्या वाईनचे कौतुक ते काय असणार? गेल्या दिवाळीत अ‍ॅडलेडहून भाची आणि जावई आले आणि त्यांनी फराळाच्या डब्यांशेजारी एक बाटली ठेवली. आमच्या सौभाग्यवतींनी आधी देवघराचे दार ओढून घेतले आणि मग नाइलाजाने सरबताचे पेले काढून दिले.

"मामा, ही बरोसा खोऱ्यातली," जावई म्हणाले. "सव्वाशे वर्षांहून जुन्या वेलींची."

मी जपूनच घोट घेतला. जांभळे खाल्ल्यावर होते तशी जीभ तुरटली. मागून मिऱ्यासारखी झणझण आली आणि ती चव बराच वेळ जिभेवर रेंगाळत राहिली. "बरी आहे," असे म्हणून मी पेला खाली ठेवला.

जावईबापू रंगात आले होते. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळे खाल्ली. शेवटी अमेरिकन खुंटावर कलमे बांधून तिथल्या बागा उभ्या केल्या. बरोसाला ती कीड पोहोचलीच नाही, म्हणून तिथे १८४० च्या दशकातल्या वेलीही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. म्हातारी वेल घड थोडे धरते, पण रस दाट उतरतो. २००९ पासून तिथे वेलींना वयाप्रमाणे पदव्या आहेत. पस्तिशीनंतर 'जुनी', सत्तरीनंतर 'तग धरलेली', शंभरीनंतर 'शतायुषी' आणि सव्वाशेनंतर 'पूर्वज'. मला बहात्तरावे चालू होते. म्हणजे मी तग धरलेल्यांत जमा!

"आणि मामा, १९८७ च्या सुमारास सरकारच पैसे देऊन अशा कितीतरी वेली उपटवीत होते. द्राक्षांना गिऱ्हाईक नव्हते."

'उपटणे' हा शब्द ऐकला आणि तासगावजवळचा आमचा मळा डोळ्यांपुढे आला. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, १९७४ साली तिथे थॉमसन लावली होती. आपल्याकडच्या उष्ण हवेत वेलीला थंडीची झोप नाही. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा तिच्यावर कात्री चालते. वीसएक वर्षांत ती थकते. १९९६ साली माल घटला तेव्हा थोरले बंधू सल्ल्याला कोल्हापुरास आले. मी बँकेतला माणूस. कागदावर जमाखर्च मांडला आणि सांगितले, "बाग काढून टाका."

हिशेब चुकला नव्हता. डॉगरिजच्या खुंटावर तास-ए-गणेशची नवी बाग झाली आणि तिच्यावर पुतणींची लग्ने झाली. मात्र अण्णांना मी विचारले नव्हते. बाग निघाली त्या दिवशी ते बांधावर बसून होते. संध्याकाळी एवढेच म्हणाले, "विहिरीवरची एक राहू द्या."

ती राहिली. अण्णा गेले, तरी ती आहे. मार्चमध्ये बंधू तिचे चार घड पाठवीत. बाजारची द्राक्षे टपोरी असतात, म्हणून मी ते शेजारच्या मुलांना वाटून टाकी.

त्या रात्री मी तासगावला फोन लावला. "दादा, विहिरीवरच्या वेलीची छाटणी झाली का?"

"झाली की! का रे?"

"यंदा घड पाठवू नका. मीच येतो."

मार्चात गेलो. बांधावर बसून एक घड खाल्ला. मणी हरभऱ्याएवढे होते, पण गोड, फार गोड. दुसरा घड मी बंधूंपुढे केला.

"अण्णा दरवर्षी इथंच बसून खायचे," ते म्हणाले. "तुझ्यासाठी म्हणून निम्मे घड मात्र वेलीवर ठेवायचे."

मला हे ठाऊक नव्हते.