आमची जुनी फटफटी

फटफटी हा शब्द ऐकून आमचे विद्यार्थी मित्र हसतील. परंतु वडिलांनीं १९८६ सालीं घेतलेल्या ३५० सी.सी. बुलेटीस आमच्या घरांत दुसरें नांव कधींच मिळालें नाहीं. या जातीच्या गाड्या १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागल्या, आणि लांबच्या प्रवासास त्यांसारखें वाहन नाहीं असा वडिलांचा ठाम ग्रह होता. तीवर बसून त्यांनीं निम्मा महाराष्ट्र पाहिला. ते गेल्यावर ती आमचेकडे आली. शिक्षकाच्या पगारांत जेवढी बडदास्त ठेवतां येईल तेवढी आम्हीं ठेविली. खरें सांगावयाचें तर तेवढीहि ठेविली नाहीं.

गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत आईस मागें बसवून आम्ही वाईहून पांचगणीस निघालों. पसरणीचा घाट निम्मा चढतो न चढतो तोंच इंजिनाचा दम सुटला. पहिला गियर टाकला, मूठ पूर्ण पिळली, तरी गाडी पुढें जाईना. शेवटीं सत्तरी ओलांडलेल्या आईस खालीं उतरून दोन वळणें पायीं चढावीं लागलीं. ती रागावली नाहीं. पदरानें घाम पुशीत एवढेंच म्हणाली, "तुझ्या अण्णांच्या हातांत ही गाडी कधीं थांबली नव्हती रे." तें वाक्य कांट्यासारखें मनांत रुतून बसलें.

घरीं परततांच आम्हीं निश्चय केला कीं, इंजिनाची शक्ति वाढवावयाची. एका मोठ्या कारखान्यांत चौकशी केली. तेथील तरुणानें ५०० सी.सी.चा ब्लॉक, मोठा पिस्टन, मोठा कार्बुरेटर व नवा सायलेन्सर अशी यादी लिहून दिली. खर्च पन्नास हजारांहून अधिक! आमचेजवळ शिल्लक होते दहा हजार. यादी खिशांत घालून आम्ही खिन्न मनानें आमच्या वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं ती वाचली, घडी करून परत दिली व म्हणाले, "मास्तर, नवी ताकद मागायच्या आधीं जुनी कुठें सांडली तें तरी शोधा."

हें त्यांचें बोलणें आम्हांस प्रथम कंजूषपणाचें वाटलें. पण त्यांनीं सांगितलेली रीत ऐकून आम्हांमधील शिक्षक जागा झाला. ती रीत अशी: एका वेळीं एकच दुरुस्ती करावी; मग घाटांतील त्याच दगडापासून त्याच वळणापर्यंत, तिसऱ्याच गियरमध्यें, गाडी चढवून पाहावी; आणि वळणावर वेगाचा कांटा कोठें आहे तें वहींत लिहावें. प्रयोगशाळेंत आम्ही मुलांस जें रोज सांगतों, तें स्वतःच्या गाडीबाबत कधीं केलें नव्हतें.

प्रथम गाडी न्यूट्रलमध्यें ढकलून पाहिली, तों ती जड चाले. मागील ब्रेक चाकास घासत होता, चेन कोरडी व अति ताणलेली होती, आणि टायरांत हवा कमी होती. म्हणजे इंजिनाची कमाई रस्त्यावर येण्यापूर्वींच खर्च होत होती. या दुरुस्तीस फारसा पैसा लागला नाहीं. एअर फिल्टर धुळीनें गच्च झाला होता, तो बदलला. पेट्रोलच्या कॉकमधील जाळींत गंज सांचला होता, तो काढला.

पुढें टॅपेट. इंजिन थंड असतां, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकास आणून, पुशरॉड बोटांनीं सहज फिरला पाहिजे, पण वरखालीं हलतां कामा नये. आमचा एक्झॉस्टचा पुशरॉड फिरतच नव्हता. म्हणजे वाल्व पुरता मिटत नव्हता, आणि जो दाब पिस्टनास ढकलावयाचा तो वाल्ववाटे निसटत होता.

नंतर पॉइंट. त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावयास हवी. आमच्या पॉइंटांची टाच झिजून फट कमी झाली होती; फट कमी म्हणून ठिणगी उशिरां पडे; ठिणगी उशिरां म्हणून जोर कमी व उष्णता अधिक. एका झिजलेल्या टाचेपासून केवढी ही परंपरा!

येथें आमची फजितीहि सांगितली पाहिजे. ठिणगी लौकर पडली कीं जोर वाढतो असें पाहून, एके रात्रीं मिस्त्रींस न विचारतां आम्हीं टायमिंग आणखी पुढें सरकविलें. सकाळीं किक मारतांच पिस्टन वर पोहोंचण्याआधींच स्फोट झाला, किकेनें उलट तडाखा दिला, आणि आम्ही पंधरा दिवस लंगडत वर्गावर गेलों. मुलांनीं कारण विचारलें; आम्हीं "उतावीळपणा" एवढेंच उत्तर दिलें. टायमिंग पुन्हां मिस्त्रींनींच लाविलें.

कार्बुरेटरची सुई व जेट झिजले होते, ते नवे घातले. आजकाल पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलमध्यें ऑक्सिजन असल्यामुळें जुन्या मापाच्या जेटमधून होणारें मिश्रण पातळ पडतें. म्हणून मुख्य जेट एक माप मोठा निवडला. पूर्वीं प्लग काढला कीं तो पांढरा दिसे, आतां फिकट तपकिरी दिसूं लागला. रबरी नळ्याहि बदलल्या, कारण जुन्या रबरास इथेनॉल मानवत नाहीं.

सर्वांत मोठा खर्च हेड उघडण्याचा. कार्बन खरडून काढला, वाल्व पेस्ट लावून घासले व त्यांवर रॉकेल ओतून गळत नाहीं याची खात्री केली. सिलिंडरचें माप अद्याप मर्यादेंत असल्यानें नव्या रिंगांवर भागलें.

सरतेशेवटीं कळलें कीं, चेनचें पुढील स्प्रॉकेट कोणी तरी सपाट रस्त्याच्या सोयीसाठीं १७ दात्यांचें बसविलें होतें. त्याजागीं १६ दात्यांचें घातलें. १७ ला १६ नें भागून पाहा: मागील चाकाचा जोर सुमारें ६ टक्क्यांनीं वाढला, तितकाच सपाटीवरील वेग कमी झाला. फुकट कांहींच मिळत नाहीं.

या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ७ सेंटिमीटर व पिस्टनची धांव ९ सेंटिमीटर. २२/७ धरून गणित केलें तर घनफळ ३४६.५ येतें. तें पूर्वींहि तेवढेंच होतें व आजहि तेवढेंच आहे. ब्लॉक मोठा करण्याचा विचार आम्हीं सोडून दिला. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकास रोलर नसून साधें बुश असतें. त्यावर अधिक भार घातला तर वरची कमाई खालीं बुडावयाची. पुढील ड्रम ब्रेकहि जुन्याच वेगाच्या मापाचा. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असे मनमानी फेरफार करूं देत नाहीं.

एकूण खर्च नऊ हजार चारशें. वहींतील पहिल्या पानावर त्या वळणाचा वेग होता २२. शेवटच्या पानावर ३८.

यंदाच्या फाल्गुनांत आईस पुन्हां मागें बसविलें. घाट लागला, दुसऱ्या गियरमध्यें गाडी संथ लयींत चढूं लागली. ज्या वळणावर ती मागें उतरली होती तेथें येतांच तिनें खांद्यावर हात ठेविला व म्हणाली, "थांब." आमच्या पोटांत धस्स झालें. गाडी कडेस घेतली. आई उतरली, कठड्यापाशीं गेली आणि खालीं पसरलेलें धोम धरणाचें पाणी बराच वेळ पाहात राहिली.

"मागल्या खेपेला दम लागला होता," ती म्हणाली, "बघायचं राहूनच गेलं होतं."

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेंत गुण कमी पडले म्हणजे नवी शिकवणी व नवीं पुस्तकें यांची यादी तुम्ही वडिलांपुढें ठेवतां. ती अवश्य ठेवा. पण त्यापूर्वीं एखादा ब्रेक चाकास घासत तर नाहीं ना, तें एकदां पाहा. आणि पालकहो, आम्हीहि तें फार उशिरां पाहिलें.