सेवेची वही

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलेले कोणी घरात असले, की त्याची रोजनिशी साऱ्या कुटुंबाच्या परिचयाची होते. तारीख, कामाचे स्वरूप, तास आणि शेवटी प्राध्यापकांची सही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा नेम आहे.

या हिशेबाला आमचा विरोध नाही. तारुण्यातील उत्साह लवकर पेटतो, तसाच लवकर विझतोही. वही त्याला शिस्त लावते. परंतु तासांचा रकाना केवळ देणाऱ्याविषयी बोलतो, घेणाऱ्याविषयी मौन पाळतो.

आमच्या कन्येचा गट दर शनिवारी एका आदिवासी पाड्यावर मुलांना शिकवावयास जात असे. जानेवारीत बहुतेकांचे १२० तास भरले आणि पाड्याची वाट ओस पडू लागली. तास भरल्याची वार्ता त्या मुलांना कोण देणार? ती बिचारी शनिवारी पाटी घेऊन ओट्यावर बसलेलीच असत! कन्या व तिच्या दोन मैत्रिणी परीक्षेपर्यंत जात राहिल्या. रोजनिशी मिटली होती, म्हणून तिने एक साधी वही केली. तीत तासांचा रकानाच नव्हता. आज कोण आले नाही, कोणाचा पाढा सातावर अडला, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, एवढ्याच नोंदी होत्या.

ती वही चाळताना आम्हांस विद्यार्थ्यांच्याच एका जुन्या मंडळाचे स्मरण झाले. २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम याने काही सोबत्यांसह संत विन्सेंट डी पॉल संस्थेचा आरंभ केला. ख्रिस्तसभा आज गोरगरिबांसाठी काय करते, या विरोधकांच्या प्रश्नाला त्यांनी भाषणाने उत्तर दिले नाही. सिस्टर रोझाली यांच्या मार्गदर्शनाखाली ते गरिबांच्या घरी गेले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ मध्ये पॅरिस येथेच ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्या सेवेची खूण म्हणजे त्यांनी ठोठावलेली दारे. तासांची बेरीज नव्हे.

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी शेवटच्या तासाला आलेल्यासही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. कुरकुर करतात ते तास मोजणारे! आणि अंतिम न्यायाच्या वेळी नीतिमानांना आपण कोणाला, केव्हा जेवू घातले हे आठवतही नाही.

आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळांनी तास जरूर मांडावेत. मात्र शेजारी एक रकाना माणसांच्या नावांसाठी राखावा. आणि मुले सेवेहून घरी परतली, की आपण आईवडिलांनी ‘किती तास झाले?’ असे विचारण्याआधी ‘आज कोण भेटले?’ असे विचारावे.