काकू म्हणजे मासोळी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सून माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, राग मानू नका, पण बाळाशी जरा कमी बोलत जा."

नातू पहिलीला आहे. इंग्रजी माध्यमाची शाळा. पालकसभेत तिथल्या बाईंनी सांगितले होते की घरी इंग्रजीच बोला, दोन भाषा झाल्या की मूल गोंधळते. आता सून कंपनीत पॅकिंगला उभी राहते, मुलगा रिक्षा चालवतो. दोघांच्या पदरी इंग्रजी ती किती असणार? मग घरात उरले काय, तर कम, सिट, ईट आणि डोन्ट. एवढ्यावर लेकरू दिवस काढणार! माझी वऱ्हाडी तर अगदीच बाद.

मी रागावले नाही. मास्तरीण असताना मीही एका लेकराचे तोंड असेच बंद केले होते. ते कधी कुणाला सांगितले नाही, आज सांगते.

१९९४ साली माझी बदली मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका गावी झाली. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. मुले सगळी कोरकू. कोरकू भाषा आपल्या मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती संथाळी, मुंडारी यांची बहीण. म्हणजे आपल्या खेड्यातल्या मुलाला पुस्तकी मराठी परकी वाटते, त्याहून कितीतरी पट ते अंतर. बाजारात मोडकीतोडकी हिंदी चालायची, घरात कोरकू, आणि शाळेत मी आणि माझे मराठी पुस्तक.

१९९६ साली पहिलीत एक मुलगा आला. बोलायचाच नाही. एक दिवस मी चित्रांचा तक्ता दाखवत होते. मासोळीवर छडी ठेवून विचारले, "हे काय?" तो उभा राहिला आणि स्पष्ट म्हणाला, "काकू."

मला वाटले, मला हाक मारतो आहे. मी म्हटले, "काकू नाही, बाई म्हणायचे. आणि विचारले त्याचे उत्तर दे." तो खाली बसला. त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली, त्याने तोंड उघडले नाही. टाचणवहीत मी त्याच्या नावापुढे लिहिले, "मंद".

फेब्रुवारीत चौथीतली एक मुलगी माझ्याबरोबर नदीवर आली होती. पाण्यात बोट दाखवून म्हणाली, "बाई, काकू!" मी मागे वळून पाहिले, कोण बाई आली म्हणून. ती हसत सुटली. "बाई, आमच्यात मासोळीला काकू म्हणतात."

मी तिथेच दगडावर बसले. त्या लेकराने बरोबर उत्तर दिले होते. चुकली होती ती मास्तरीण.

खरे तर मला तरी हे कळायला हवे होते. मी स्वतः अकोल्याकडच्या खेड्यातली. शाळेत पहिल्याच दिवशी "मले पानी पायजे" म्हणाले तर सगळा वर्ग हसला होता आणि गुरुजींनी तेच वाक्य मला पाच वेळा "शुद्ध" म्हणायला लावले होते. त्यानंतर मी तहान लागली तरी मागितले नाही. इतके भोगूनही खुर्चीवर बसल्यावर मी तेच केले. आणखी एक गोष्ट सलते. त्या मुलाची थोरली बहीण माझ्याच हाताखाली दुसरीत शाळा सोडून घरी बसली होती. तिच्याही नावापुढे मी तोच शब्द लिहिला होता. ती काय काय बोलली असेल आणि मला कळले नसेल, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मोठी मासोळी काढली. खाली लिहिले "काकू", शेजारी लिहिले "मासोळी". त्या मुलाकडे पाहून म्हटले, "तू बरोबर होतास." तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग उठला, माझ्या हातातला खडू घेतला आणि मासोळीच्या खाली आडव्या रेघा ओढल्या. म्हणाला, "डा." डा म्हणजे पाणी. पाण्यावाचून मासोळी कशी राहील!

तिथून आमची शाळा बदलली. साहित्य काही नव्हते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू, गेरू, कोळसा, नदीकाठची चिकणमाती. मुले मातीचे बैल करीत, मोहाची फुले वेचणारी आई काढीत, गदली-सुसुन नाचातली माणसे भिंतीवर रांगेने उभी करीत. आधी चित्र, मग त्याची गोष्ट कोरकूत, मग ती चौथीतली मुलगी मला मराठीत सांगे आणि मी दोन्ही शब्द देवनागरीत लिही. एकदा त्या मुलाच्या आईला गोष्ट सांगायला बोलावले. ती वर्गात यायला तयार होईना, दारातच बसली. मग वर्गच उठून दाराशी गेला. तिने वाघाची गोष्ट सांगितली. मुलांनी ती आठ पानांवर काढली, दाभण-सुतळीने शिवली आणि वर लिहिले "कुला". आत एका पानावर "कुला आला", दुसऱ्यावर "वाघ गेला". कोणी शब्द विसरला तर दुसऱ्या भाषेतला घाली आणि गोष्ट पुढे नेई. पुस्तकातला धडा अडखळत वाचणारी मुले हे पुस्तक फाटेपर्यंत वाचत होती.

तपासणीला आलेले साहेब भिंत पाहून म्हणाले, "बाई, अशाने यांना मराठी कधी येणार?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. नुसते कोरकू बोलू दिले म्हणून मराठी आपोआप येत नाही, ती रोज शिकवावीच लागते. पण मुलाला कळलेल्या गोष्टीवर मराठी शब्द बसतो, न कळलेल्यावर तो नुसता चिकटवलेला असतो आणि गळून पडतो. साहेबांना मी एवढे धड सांगू शकले नाही. "हो सर" म्हणाले.

तो मुलगा चौथी पास होऊन आश्रमशाळेत गेला. पुढचे मला माहीत नाही.

माझी भाची बी.एड. करत होती, तेव्हा तिने सांगितले, "मावशी, तू करत होतीस त्याला नाव आहे. ट्रान्सलँग्वेजिंग." वेल्स देशात इंग्रजीपुढे मागे पडलेल्या वेल्श भाषेच्या शाळांत सेन विल्यम्स नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९९४ साली हा शब्द आधी वेल्शमध्ये वापरला. मुलाने एका भाषेत वाचायचे आणि दुसऱ्या भाषेत बोलायचे, लिहायचे. ज्या वर्षी मी मेळघाटात गेले तेच वर्ष! आपल्या राज्यघटनेतही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे त्यात आहे. मला डी.एड.ला हे कोणी शिकवले नव्हते. आता साधनेही आहेत. 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर चित्रांच्या गोष्टी फुकट ठेवल्या आहेत, त्यांत कोरकू गोष्टीही आहेत. मोबाईल सगळ्यांच्या घरी आहे, लेकराला कार्टून लावून देतो त्याऐवजी हे उघडून पाहा.

तर मी सुनेला एवढेच म्हटले, "इंग्रजी त्याला हवीच, मी आड येत नाही. पण रोज अर्धा तास तो माझ्याजवळ राहू दे."

पहिल्या दिवशी चित्रांचे पुस्तक पुढे धरून मी विचारले, "सांग बरं, तुले काय दिसते?" तो आईकडे बघू लागला. बोलू की नको! पहिलीतल्या लेकराच्या डोळ्यांत ती भीती मी ओळखली. मग तो म्हणाला, "डॉग झोपला." मी म्हटले, "कुत्रं काहून झोपलं असन?" "बिकॉज... त्याला कोणी खायला दिलं नाही." बिकॉज आल्यावर सून स्वयंपाकघरातून डोकावली. तो शब्द तिने त्याच्या तोंडून घरी कधी ऐकला नव्हता.

आता आम्ही कॅलेंडरच्या कागदाची वही शिवली आहे. परवा त्याने मासोळी काढली. खाली "फिश" लिहिले, मी सांगितले म्हणून "मासोळी" लिहिले. मग मी तिसरा शब्द सांगितला. तो पोट धरून हसला आणि शेजारच्या काकूंना दाखवायला पळाला.

शाळेतल्या बाईंना हे सांगायचे की नाही, यावर सुनेचे आणि माझे अजून एकमत नाही. ती म्हणते, परीक्षा होऊ द्या. वही मात्र भरत आली आहे आणि नवे कॅलेंडर यायला अवकाश आहे.